हॉटेलच्या दारात राज्यसंस्था कोणाच्या बाजूने उभी असते?

मूळ लेख : शरयू

अमेरिकेतील वंशभेदाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. आपल्या मालमत्तेवर कोणाला येऊ द्यायचे हे मालकाने ठरवावे, त्याचा भेदभाव निंद्य असला तरी तो थांबवण्यासाठी सरकारने बळ वापरणे हा स्वातंत्र्यावरचा घाला आहे, असा तो युक्तिवाद. तो नेहमी वंशद्वेषातून केला जातो असे मी मानत नाही. हॉटेले-उपाहारगृहांत आणि नोकऱ्यांत वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता. त्यांचा आक्षेप हॉटेले, उपाहारगृहे आणि खासगी नोकऱ्या यांच्यापर्यंत केंद्र सरकारचा हात पोचवणाऱ्या, त्या कायद्यातील दोन भागांपुरता होता. तरीही हा युक्तिवाद पायातच चुकतो असे मला वाटते, कारण १९६४ पूर्वी सरकार त्या दारात नव्हतेच, असे तो गृहीत धरतो.

अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात ओलीज बार्बेक्यू नावाचे, एका कुटुंबाच्या मालकीचे, २२० आसनांचे रेस्टॉरंट होते. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तिथे पार्सल मिळे, आत बसून जेवता येत नसे, आणि हा शिरस्ता १९२७ पासून चालत आला होता. त्याच रेस्टॉरंटात ३६ कामगार होते आणि त्यांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते. आत काम करायला चालणारा माणूस आत बसून जेवायला मात्र चालत नव्हता. कायदा आल्यावर मालक न्यायालयात गेले. अटलांटा येथील २१६ खोल्यांच्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेलचे मालकही गेले. ते स्वतः वकील होते, आणि कृष्णवर्णीय पाहुण्यांना खोली देण्याची सक्ती म्हणजे आपल्यावर लादलेली वेठबिगारी आहे, असे म्हणताना त्यांनी चक्क गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही दावे एकमताने फेटाळले.

त्याआधी असे मालक आपला नकार अमलात कसा आणत होते, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या एका रेस्टॉरंटात कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले आणि सांगूनही उठले नाहीत. पोलीस बोलावले गेले, अनधिकार प्रवेशाचा खटला भरला गेला आणि १२ जण दोषी ठरले. त्यांच्यातला रॉबर्ट बेल तेव्हा १६ वर्षांचा होता. मेरीलँडच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने ती शिक्षा कायम केली, आणि पुढे १९९६ ते २०१३ या काळात त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद रॉबर्ट बेल यांनी भूषवले.

या प्रसंगात राज्यसंस्था गैरहजर कुठे आहे? मालकाच्या 'नाही' या शब्दामागे पोलीस, दंडाधिकारी आणि तुरुंग उभे आहेत, आणि हे सगळे ज्यांच्या करातून चालते त्यांत दाराबाहेर काढलेला नागरिकही आहे. त्या मुलांनी कोणाला धक्का दिला नव्हता, काही चोरले नव्हते, पैसे देऊन जेवण मागितले होते. त्यांच्यावर बळ वापरले गेले आणि ते सरकारी बळ होते. हस्तक्षेपाचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य, ही व्याख्या मान्य केली तरी हस्तक्षेप कोणाच्या आयुष्यात झाला याचे उत्तर मालकापाशी थांबत नाही. १९६४ च्या कायद्याने पोलिसाला प्रथमच त्या दारात आणले नाही, तिथे आधीच उभ्या असलेल्या पोलिसाला दिलेला हुकूम बदलला.

न्यायालयाला हे तत्त्व आधी एकदा उमगले होते. सेंट लुईसमधील एका वस्तीत घरमालकांनी आपापसांत करार केला होता की घर कृष्णवर्णीयांना राहायला द्यायचे नाही. शेली नावाच्या कुटुंबाने तिथे घर घेतल्यावर शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा करार खासगी असला तरी तो न्यायालयाकडून अमलात आणून घेणे ही सरकारची कृती ठरते, आणि सरकारला वंशावरून तसे करता येत नाही. हा विचार सगळीकडे लावायला न्यायालय नंतर कचरले. मला तो बरोबर वाटतो.

दुसरी गोष्ट मला याहून जिव्हाळ्याची आहे. १९३६ पासून तीस वर्षे कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका निघत असे. कोणत्या गावात मुक्काम मिळेल, कुठे जेवण मिळेल, हे तिच्यात पाहून माणसे प्रवासाला निघत. यातल्या एखाद्या प्रवाशाला आयुष्यभरात एकदाही कोणी अडवले नाही असे धरून चाला. तरी तो स्वतंत्र नव्हता, कारण रात्री छप्पर मिळणे हे त्याच्या खिशावर किंवा वागण्यावर अवलंबून नसून समोरच्याच्या मर्जीवर अवलंबून होते. फिलिप पेटिट यांच्यासारखे आजचे प्रजासत्ताकवादी विचारवंत स्वातंत्र्याची जी कसोटी लावतात ती हीच आहे की दुसऱ्याच्या लहरीखाली न जगता येणे म्हणजे स्वातंत्र्य. ही लहर मोडून काढायला सार्वजनिक कायद्याची ताकद लागते, आणि तिला स्वातंत्र्याची शत्रू समजणे हा तत्त्वज्ञानाचा नव्हे, सवयीचा भाग आहे.

प्रतिसाद : नचिकेत

लेख मनापासून लिहिलेला आहे आणि म्हणूनच त्याला सविस्तर विरोध करतो. मी स्वतःला स्वातंत्र्यवादी मानतो. ओलीजच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा अपमान मला तुमच्याइतकाच टोचतो.

पहिला आक्षेप इतिहासाचा. ज्या बर्मिंगहॅमचे उदाहरण तुम्ही घेतले त्या शहराचा नियमच असा होता की गोऱ्या आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना एका खोलीत जेवण द्यायचे असेल तर मध्ये सात फूट उंचीची भक्कम भिंत हवी आणि रस्त्यावरून वेगळे प्रवेशद्वार हवे. अशी भिंत न बांधणारा मालक गुन्हेगार ठरत होता. लुइझियानात १८९० च्या कायद्याने आगगाड्यांना वेगळे डबे जोडण्याची सक्ती केली. त्या कायद्याला आव्हान देण्यासाठी १८९२ मध्ये होमर प्लेसी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसले, तेव्हा रेल्वे कंपनीने त्या बेताला आतून साथ दिली होती, कारण जादा डब्यांचा खर्च तिला नको होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. घरांच्या बाबतीतही तेच दिसते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाने कर्जाच्या हमीसाठी जे निकष लावले, त्यांत वंशभेदी करारांची शिफारस होती. वंशभेदाचा पक्का सांगाडा कायदेमंडळांनी, नगरपालिकांनी आणि केंद्रीय खात्यांनी उभा केला, आणि ज्या हातांनी तो उभा केला त्यांच्याच हाती आणखी अधिकार द्यावेत असे तुम्ही सुचवत आहात.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. नकारामागे पोलीस उभा असतो म्हणून तो नकार सरकारचा ठरतो, असे एकदा मान्य केले की खासगी असे काही उरत नाही. माझ्या घरातून मी एखाद्याला जायला सांगितले आणि तो गेला नाही तर मीही पोलिसांनाच बोलावणार. मग माझ्या जेवणाच्या टेबलावर कोण बसावे हेही सरकारी धोरण झाले का? एखाद्या आंबेडकरी वाचनालयाने, एखाद्या कृष्णवर्णीय चर्चने आपल्या सभेत कोणाला घ्यावे, हेही? लहान गटांना बहुमतापासून वाचवणारी भिंत तीच आहे, आणि बहुमत उद्या दुसऱ्याच्या हातात गेल्यावर तिची किंमत कळते.

तिसरे, मालमत्तेच्या हक्काचे तत्त्वज्ञान तुम्ही समजता तितके आंधळे नाही. रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मालकी न्याय्य ठरण्यासाठी ती मुळात न्याय्य मार्गाने मिळालेली असावी लागते, आणि भूतकाळात अन्याय झाला असेल तर त्याच्या भरपाईचे वेगळे तत्त्व आहे. गुलामगिरी, हिसकावलेल्या जमिनी आणि नाकारलेली कर्जे यांची भरपाई सरकारने द्यावी हे मी उघडपणे मान्य करतो. ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे. हॉटेलमालकाला हुकूम देणे हा त्यापेक्षा स्वस्त मार्ग होता. सरकारने तो निवडला आणि आपले देणे बाजूला ठेवले.

प्रतिसाद : शरयू

भरपाईच्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. इतिहासाच्या मुद्द्यावर मात्र आहे, आणि त्यासाठी बर्मिंगहॅमपासून दूर जायची गरज नाही. सात फुटी भिंतीचा तो नियम शहराने १९६३ च्या उन्हाळ्यात रद्द केला. त्यानंतर ओलीजच्या मालकाला कोणताही कायदा अडवत नव्हता. वर्षभराने अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा केला तेव्हाही ते जेवणघर कृष्णवर्णीयांना बंदच होते, आणि ते बंद ठेवण्यासाठी मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. सक्ती उठल्यावर प्रथा आपोआप वितळेल या अपेक्षेची इतकी स्वच्छ परीक्षा इतिहासात क्वचित मिळते.

प्रथा का वितळली नाही याला कारण आहे. सगळे मालक कट्टर होते असे नाही. गावात पहिल्यांदा जो दार उघडेल त्याची गोरी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात जातील, ही भीती प्रत्येकाला होती. ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार विद्यार्थी वूलवर्थच्या लंच काउंटरवर बसले, त्याआधी त्यांनी त्याच दुकानात दुसऱ्या काउंटरवर खरेदी केली होती आणि पैसे बिनदिक्कत घेतले गेले होते. अनेक महिन्यांच्या आंदोलनानंतर, धंद्याला मोठा फटका बसल्यावर, त्या जुलैत काउंटर खुला झाला. एका शहरातला एक काउंटर खुला व्हायला एवढे करावे लागले. कायद्याने सगळ्यांना एकाच दिवशी बांधले, म्हणून कोणालाही एकट्याने पुढे होण्याची किंमत मोजावी लागली नाही.

तुमच्या जेवणाच्या टेबलाचा प्रश्न खरा आहे आणि कायदा करणाऱ्यांनी तो ओळखला होता. जिथे मालक स्वतः राहतो आणि पाचापेक्षा जास्त खोल्या भाड्याने देत नाही, असे घर त्यांनी कायद्यातून वगळले, खऱ्या अर्थाने खासगी असलेले क्लबही वगळले. रस्त्यावर पाटी लावून 'या' म्हणणारा धंदा आणि स्वयंपाकघर यांत फरक करता येतो आणि तो केला गेला. नकारामागे पोलीस आहे म्हणून प्रत्येक नकार अवैध ठरतो असे माझे म्हणणे नाही. त्याची सार्वजनिक कारणाने तपासणी होऊ शकते, एवढेच म्हणणे आहे. घरात ती तपासणी मालकाच्या बाजूने जाते, मोटेलमध्ये जात नाही.

प्रतिसाद : मुक्ता

दोघांच्याही लेखनात अमेरिका आहे आणि ते योग्यच आहे, पण महाराष्ट्रात हाच वाद न्यायालयात लढला गेला आहे, म्हणून तो इथे ठेवते.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर सरकार आमच्या बाजूने होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी कोणी घेऊ शकले नाही, आणि त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग ज्यांनी ते ओंजळीने प्यायले त्यांच्यावर काठ्या पडल्या. पाणी नाकारण्याची सक्ती करणारा सरकारी कायदा तिथे नव्हता, नचिकेत. तो ठराव अमलात न येऊ देणारा समाज होता, आणि पुढे त्याच्या दबावाखाली नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला.

पुढचा भाग या चर्चेसाठी फार महत्त्वाचा आहे. डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची तयारी झाली तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावला आणि त्यात सांगितले की हे तळे सार्वजनिक नाहीच, ते चौधरी तळे आहे, खासगी मालमत्ता आहे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. निकाल लागत लागत मार्च १९३७ उजाडला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. दहा वर्षे एका पाणवठ्यासाठी. ज्या दिवशी 'हे खासगी आहे' हा शब्द उच्चारला गेला त्या दिवसापासून सरकारची संपूर्ण यंत्रणा नकार देणाऱ्याच्या संरक्षणाला उभी राहिली. शरयूताई जे तर्काने मांडत आहेत ते महाडच्या माणसांनी अंगावर झेलले आहे.

म्हणूनच संविधानाचा पंधरावा अनुच्छेद केवळ सरकारला बांधून थांबला नाही. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तळी, स्नानघाट यांची नावे घेऊन त्याने नागरिकाला नागरिकापासूनही संरक्षण दिले, आणि सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कोणीही पाळली तरी गुन्हा ठरवली. हे २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये, समतेची हमी फक्त सरकारवर बंधनकारक आहे असे सांगून १८७५ चा नागरी हक्क कायदा रद्द केला होता, आणि त्यामुळे १९६४ चा कायदा आंतरराज्य व्यापाराच्या कलमावर उभा करावा लागला. ओलीजच्या खटल्यात न्यायाधीशांना वर्षभराच्या खरेदीतले ६९,६८३ डॉलरचे मांस परराज्यातून आले होते हे मोजावे लागले. माणसाच्या मानाचा प्रश्न मांसाच्या पावत्यांवर सोडवावा लागावा, ही त्या घटनेची मोठी उणीव आहे. आपल्या घटनाकारांनी ती राहू दिली नाही, आणि कोलंबियात शिकलेल्या ज्या माणसाने मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले त्याने समाजाची जुलूमशाही सरकारी जुलमापेक्षा कमी भयंकर नसते हे लहानपणापासून पाहिले होते.

प्रतिसाद : नचिकेत

मुक्ता, महाडबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यापुढे माझा इतिहासाचा मुद्दा अपुरा पडतो. समाज सरकारशिवायही गळा दाबू शकतो. पण तुम्ही दोघींनी राज्यसंस्थेला फक्त दार उघडणाऱ्याच्या भूमिकेत पाहिले आहे, आणि माझी खरी चिंता त्या दाराबाहेरच्या फुटपाथवरची आहे.

१९६८ मध्ये, म्हणजे नागरी हक्क कायद्यानंतर चारच वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने टेरी खटल्यात ठरवले की अटक करण्याइतका पुरावा नसला तरी वाजवी संशयावरून पोलीस माणसाला रस्त्यात थांबवू शकतात आणि शस्त्राच्या शंकेवरून त्याचे अंग चाचपू शकतात. निकाल आठ विरुद्ध एक असा होता. न्यायमूर्ती डग्लस एकटेच विरोधात होते, आणि दंडाधिकाऱ्याला जो अधिकार नाही तो पोलिसाला देणे धोक्याचे आहे असे त्यांनी बजावले होते. पुढे न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते डेव्हिड फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर या खटल्याच्या २०१३ च्या निकालपत्रात आहे. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना थांबवले. त्यांपैकी ५२ टक्के वेळा थांबवलेला माणूस कृष्णवर्णीय होता, आणि शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण २०१० मध्ये सुमारे २३ टक्के होते. ८८ टक्के वेळा ना अटक झाली ना समन्स दिले गेले. लहरीखाली जगणे म्हणजे स्वातंत्र्य गमावणे, ही शरयूंचीच कसोटी लावा. सोळा वर्षांचा मुलगा शाळेतून येताना आज आपल्याला भिंतीकडे तोंड करून उभे करतील का, याचा विचार करत चालतो तेव्हा तो कोणाच्या लहरीखाली आहे?

आणि हे सुधारण्याचे हत्यारही सरकारने बोथट केले. नागरिकाच्या घटनात्मक हक्कावर पाय देणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक दावा लावता यावा म्हणून काँग्रेसने १८७१ मध्ये कृष्णवर्णीयांवर हिंसा करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या संघटनेविरुद्धच्या कायद्यात तशी तरतूद केली होती. १९६१ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सनच्या बसस्थानकावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय पाद्र्यांचा एक गट वंशभेदी प्रतीक्षालय एकत्र वापरायला गेला आणि पकडला गेला. सुटल्यावर त्यांनी याच कायद्याखाली पोलिसांवर दावा लावला. १९६७ मध्ये त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सद्भावनेचा बचाव देऊ केला. १९८२ मध्ये तो आणखी रुंदावला, आणि आज 'क्वालिफाइड इम्युनिटी' या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत असा आहे की हुबेहूब तशाच कृत्याला आधीच्या निकालात स्पष्टपणे बेकायदा ठरवलेले नसेल तर अधिकारी सहसा सुटतो. विषमतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या पाद्र्यांच्या खटल्यातूनच पोलिसांची ढाल घडली. सरकारच्या हाती दिलेली ताकद आपल्याला हव्या त्या दिशेलाच तोंड करून राहील, असा भरवसा तुम्ही कशाच्या जोरावर धरता?

प्रतिसाद : मीनल, न्यू जर्सी

आकडे देताना एक आकडा गळला आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत आणि खून झालेल्यांमध्ये त्यांचे प्रमाण साधारण निम्मे असते. मिनिआपोलिसमध्ये मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाने जीव घेतल्यानंतर देशभर संताप उसळला होता, तरी त्याच उन्हाळ्यात गॅलपच्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या वस्तीत पोलिसांचा वावर आहे तितकाच राहावा किंवा वाढावा असे सांगितले. गोळीच्या भीतीने मुलांना अंगणात पाठवता न येणे हीसुद्धा स्वातंत्र्याची हानीच आहे, आणि ती करणारा सरकारी माणूस नाही म्हणून ती कमी होत नाही. राज्यसंस्था मागे सरकली की त्या जागी बंदूकवाला उभा राहतो.

याचा अर्थ टेरीच्या नावाखाली चाललेल्या झडत्यांचे मी समर्थन करते असा नाही. न्यूयॉर्कमध्ये लोकांना असे थांबवण्याचे २०११ साली सहा लाख ८५ हजारांवर गेलेले प्रसंग २०१७ पर्यंत बारा हजारांच्या आत आले, आणि त्या वर्षी शहरातील खुनांची संख्या तीनशेच्या खाली होती. लोकांना संरक्षण हवे होते, त्यांना मिळाली झडती, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रतिसाद : शरयू

नचिकेत, भरवसा मी कोणावरच धरत नाही, आणि तुम्ही माझीच कसोटी फुटपाथवर लावलीत ते अगदी योग्य केले. मोटेलच्या मालकाला आणि गस्तीवरच्या शिपायाला मी एकच प्रश्न विचारते, की या माणसावर चालवलेल्या सत्तेचे कारण तुला कोणापुढे सांगावे लागते का? १९६४ च्या कायद्याने मालकाला ते सांगायला लावले. टेरीने शिपायाला त्यातून बव्हंशी सोडवले आणि क्वालिफाइड इम्युनिटीने उरलेसुरले सोडवले. या दोन्ही निकालांवर माझी टीका तुमच्याइतकीच कडक आहे, पण तिचे कारण वेगळे आहे. सरकारकडे ताकद फार झाली हे मूळ दुखणे नव्हे. त्या ताकदीच्या एका तुकड्याला, म्हणजे बिल्ला लावलेल्या माणसाला, न्यायालयाने खासगी मालकासारखी मर्जी बहाल केली.

हे उलटवता येते याचा दाखला आहे. कोलोरॅडो राज्याने जून २०२० मध्ये कायदा करून आपल्या न्यायालयांत, त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतील हक्कांच्या दाव्यांपुरता, पोलिसांचा हा बचाव काढून टाकला. अधिकारी सद्भावनेने वागला नाही असे ठरले तर रकमेच्या ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, यांतील कमी असेल तेवढे त्याच्या खिशातून जाते. पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोने आपल्या पद्धतीने तसाच कायदा केला.

प्रतिसाद : नचिकेत

कोलोरॅडोच्या कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण तो कायदा काय करतो ते नीट पाहा. तो सरकारला नवा अधिकार देत नाही, सरकारने स्वतःला दिलेली सूट काढून घेतो. मी गेले तीन प्रतिसाद हेच मागत आहे. नागरिकाला हुकूम देणारे शंभर कायदे करण्याआधी हुकूम देणाऱ्याला उघडे पाडणारा एक कायदा करा.

प्रतिसाद : मुक्ता

क्रमाचा हा आग्रह मला मान्य नाही. महाडला तळेही हवे होते आणि काठ्या मारणाऱ्यांना शिक्षाही. त्यांपैकी आधी कोणते, हे पाणी नाकारले गेलेल्या माणसाला विचारायचे नसते.

मात्र नचिकेत यांनी १८७१ चा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत ज्या वर्षी बेलगाम अधिकाऱ्याला न्यायालयात खेचण्याची तरतूद झाली, त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटा असे कितीतरी समाज जन्मानेच संशयित ठरले. हजेरी, परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणच्या बंदिस्त वसाहती, हे सगळे कायद्याने. स्वातंत्र्यावरचा प्रसिद्ध निबंध लिहिणारे जॉन स्टुअर्ट मिल १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते, आणि 'रानटी' लोकांवर हुकूमशाही राज्य चालवणे योग्यच, असे त्याच निबंधात नोंदवून गेले. स्वातंत्र्य कोणाचे मोजायचे हे आधी ठरले आणि मग तत्त्व लिहिले गेले. चार्ल्स मिल्स या तत्त्वज्ञाने १९९७ मध्ये हेच दाखवले की ज्याला आपण सामाजिक करार म्हणतो तो प्रत्यक्षात गोऱ्यांनी गोऱ्यांशी केलेला करार होता.

तो कायदा १९५२ पर्यंत देशभर मोडीत निघाला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंगातील जातवार कामवाटपाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक करू नका. न्यूयॉर्कमध्ये २०१८ पासून असा नियम आहे की बऱ्याचशा प्रसंगी थांबवणाऱ्या पोलिसाने स्वतःची ओळख द्यावी, थांबवण्याचे कारण सांगावे आणि अटक न करता सोडले तर आपले नाव असलेले कार्ड द्यावे. गावात चोरी झाली की पहाटे पारध्यांच्या पालावर जीप येते आणि घरातला कर्ता माणूस 'चौकशीला' नेला जातो, तेव्हा त्याच्या बायकोच्या हातात कोणाचे नाव, कोणत्या कारणाचा कागद राहतो? शरयूताई ज्याला सत्तेचे कारण सांगणे म्हणतात आणि नचिकेत ज्याला सूट काढून घेणे म्हणतात, ती मागणी मला या कागदापासून सुरू करायची आहे, आणि तुम्ही दोघेही तिच्यावर सही कराल असे मी धरून चालते.